घरगुती कार्यशाळा आणि अचूकतेची निर्मिती : लेथच्या स्वनिर्मित साधनांच्या इतिहासातील एक प्रश्न

(१)

यंत्रविद्येवरील लोकप्रिय ग्रंथांतून एक विधान वारंवार आढळते. लेथ हे एकच यंत्र असे आहे की ते स्वतःची प्रतिकृती स्वतः घडवू शकते, असे ते विधान होय. इंग्लंडमध्ये घरातील एखाद्या खोलीत किंवा परसातील छपरीत लहानसे लेथ मांडून फावल्या वेळात धातुकाम करणारा जो हौशी कारागिरांचा वर्ग आहे, त्यात तर या विधानास जवळजवळ ब्रीदवाक्याची प्रतिष्ठा लाभली आहे. शब्दशः घेतले तर ते टिकण्यासारखे नाही. लेथ बीड वितळवीत नाही, साच्यात ओतीत नाही. स्वतःच्या बेडइतका लांब सपाट पृष्ठभागही त्यावर घडविता येत नाही. परंतु विधान अतिशयोक्त असले तरी ते ज्या अनुभवातून निघाले तो अनुभव खरा आहे. अपुऱ्या सामग्रीचे साधे लेथ विकत घ्यावयाचे, आणि त्याला लागणारी कातण्याची हत्यारे, ती धरण्याचे ठोकळे, चकच्या पाठीमागील चकत्या, वर्तुळाचे समान भाग पाडण्याची उपकरणे इत्यादी साधने त्याच लेथवर घडवून त्याचे सामर्थ्य वाढवीत न्यावयाचे, ही पद्धती तेथे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेली आहे.

या पद्धतीच्या पोटात एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. ज्या यंत्रावर वस्तू घडते त्या यंत्राचे दोष वस्तूत उतरतात, हा धातुकामातील सर्वपरिचित नियम आहे. मग सदोष लेथवर घडविलेले साधन त्या लेथहून अधिक अचूक कसे होऊ शकेल? दोष एका पिढीतून दुसरीत केवळ उतरत गेले असते, तर प्रत्येक पिढी आधीच्या पिढीहून वाईट निपजावयास हवी होती. प्रत्यक्षात याच्या उलट घडले आहे. तेव्हा अचूकता ही कोठून तरी नव्याने निर्माण होत असली पाहिजे. ती कोठून येते, आणि तिचा कोणता भाग कारागिराला स्वतःच्या घरात निर्माण करता येतो व कोणता बाहेरून आणावाच लागतो, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय. कारखान्यात हा प्रश्न सहसा दृष्टीस पडत नाही. तेथे अचूक साधन विकत घेतले जाते आणि त्याची पूर्वपीठिका खरेदीच्या पावतीमागे लपते. घरगुती कार्यशाळेत मात्र एकाच माणसाला ही सर्व वाट चालावी लागते, आणि इंग्लंडमधील हौशी कारागिरांनी आपली वाटचाल नियतकालिकांतून लिहून ठेवली असल्यामुळे हा इतिहास त्या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त ठरतो.

(२)

घरगुती कारागीर ज्या युक्त्या वापरतो त्यांचा उगम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील लंडनच्या कार्यशाळांत आहे. त्या काळी अचूक यंत्र विकत मिळतच नव्हते. म्हणून त्या पिढीतील प्रत्येक निष्णात कारागीर एका अर्थी घरगुती कारागिराच्याच स्थितीत होता.

यांपैकी पहिले महत्त्वाचे नाव जेसी रॅम्सडेन याचे. नौकानयनातील कोनमापक उपकरणांच्या वर्तुळाकार पट्ट्यांवर अंशांच्या रेघा आखण्यासाठी त्याने विभाजनयंत्र तयार केले व त्याचे वर्णन १७७७ मध्ये प्रसिद्ध झाले. या यंत्राचे मुख्य चाक ४५ इंच व्यासाचे असून त्याच्या कडेला २१६० दाते होते. त्यांत गुंतलेल्या मळसूत्राचा एक फेरा झाला की चाक १० कला, म्हणजे एका अंशाचा सहावा भाग, पुढे सरके. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, वर्तुळाचे भाग पाडताना बाहेरच्या कोणत्याही मापाची आवश्यकता नसते. वर्तुळ स्वतःशीच येऊन मिळते. समान समजून पाडलेले भाग वस्तुतः असमान असतील तर शेवटचा भाग पहिल्याशी जुळत नाही, अथवा निरनिराळ्या भागांची परस्परांशी तुलना करताना फरक उघडकीस येतो. दोष शोधण्याचे साधन वर्तुळाच्या ठायीच असते.

दुसरे नाव हेन्री मॉड्सले याचे. जोसेफ ब्रामा याच्या कार्यशाळेत काम केल्यानंतर १७९७ मध्ये त्याने लंडनमध्ये स्वतंत्र व्यवसाय आरंभिला. १८०० च्या सुमारास त्याने बांधलेले आटे पाडण्याचे लेथ लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जतन केलेले आहे. हातात धरलेल्या हत्याराऐवजी सरकत्या बैठकीवर घट्ट बसविलेले हत्यार आणि त्या बैठकीला ठरावीक गतीने पुढे नेणारे लांब मळसूत्र, म्हणजेच लीड स्क्रू, यांचा संयोग या लेथमध्ये आढळतो. हे सर्व घटक त्याने प्रथमच शोधले असे म्हणता येत नाही. परंतु त्यांचा भक्कम लोखंडी रचनेत मेळ घालून आटे पाडण्याचे काम हातकौशल्याच्या लहरीपासून मुक्त करण्याचे श्रेय त्याला निःसंशय द्यावे लागते. मूळ मळसूत्र मिळविण्यासाठी त्याने फिरत्या मऊ दांड्यावर तिरपी सुरी टेकवून तिच्या तिरपेपणानेच आट्याची वाट आखावयाची, अशी योजना केली होती. मॉड्सलेने केलेल्या एका ख्यातनाम मळसूत्राची लांबी ५ फूट असून त्यावर इंचाला ५० आटे होते आणि त्याचा नट १२ इंच लांब, म्हणजे ६०० आट्यांचा होता. नट इतका लांब असण्यात केवळ मजबुतीचा हेतू नव्हता. सहाशे आटे एकाच वेळी गुंतले असता त्यांपैकी एखाददुसऱ्या आट्याचा दोष बाकीच्यांत विरून जातो आणि गती सर्व आट्यांच्या सरासरीने ठरते.

तिसरे नाव मॉड्सलेच्याच कार्यशाळेत काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ याचे. खरा सपाट पृष्ठभाग कसा मिळवावा, याविषयीचा निबंध त्याने १८४० मध्ये ग्लासगो येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात वाचला. दोनच पाट्या एकमेकींवर घासून जुळविल्या तर त्यांपैकी एक किंचित फुगीर व दुसरी तितकीच खोलगट होऊनही त्या तंतोतंत जुळू शकतात. तिसरी पाटी घेऊन प्रत्येकीची उरलेल्या दोघींशी, दिशा बदलून, तुलना केली आणि उंच आढळलेले ठिपके खरवडीत गेले, तर तिन्ही पाट्या सपाट झाल्याशिवाय त्या परस्परांशी जुळूच शकत नाहीत. ही कल्पना मूळची व्हिटवर्थची की मॉड्सलेच्या कार्यशाळेत आधीच रूढ असलेली, याविषयी मतभेद आहेत. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, या पद्धतीत एकही सपाट वस्तू आधी हाताशी नसताना सपाटपणा निर्माण होतो.

तात्पर्य, या तीन उदाहरणांतून अचूकता निर्माण करण्याचे तीन मार्ग दिसून येतात : वर्तुळाप्रमाणे स्वतःशी येऊन मिळणाऱ्या आकृतीचा आधार घेणे, अनेक दोषांची सरासरी साधून त्यांचा प्रभाव कमी करणे आणि सदोष वस्तूंची आपसांत तुलना करून दोष उघडा पाडणे. तिहींतही मूळ दोषाची नक्कल होत नाही. दोष शोधून किंवा विभागून टाकला जातो.

(३)

हे ज्ञान व्यावसायिक कारागिरांकडून हौशी माणसाकडे आले ते सरळ मार्गाने नव्हे. लेथवर काम करण्याची हौस युरोपातील सधन वर्गात जुनी आहे. शार्ल प्ल्युमिए याने कातकामावर लिहिलेला मोठा सचित्र ग्रंथ १७०१ मध्ये ल्यों येथे प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्ये या हौसेला साहित्य पुरविणारी प्रमुख पेढी होल्टझाफेल घराण्याची. तिचा संस्थापक स्ट्रासबुर्गहून लंडनला आला होता. हस्तिदंत व कठीण लाकूड यांवर नक्षी कातण्यासाठी या पेढीने केलेली लेथयंत्रे व त्यांच्यासोबतची असंख्य उपसाधने आजही कारागिरीचे उत्कृष्ट नमुने मानली जातात. चार्ल्स होल्टझाफेल याने १८४३ मध्ये आरंभिलेल्या आणि त्याच्या मुलाने पुढे चालविलेल्या बृहद्ग्रंथाचे पाच खंड १८८४ पर्यंत प्रसिद्ध झाले.

या ग्रंथात साधने कशी घडतात याची माहिती विपुल असली तरी पेढीचा व्यवहार मात्र तयार साधने विकण्याचा होता. तिचा ग्राहक उमराव किंवा श्रीमंत गृहस्थ असे. तो नक्षी स्वतः कातीत असे, परंतु नक्षीचे चक, कातण्याची चौकट व हत्यारे पेढीकडून घेई. अचूकता त्याच्या घरी पेटीत भरून येई. ती त्याच्या घरी जन्मास येत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परिस्थिती पालटली. यंत्रकाम जाणणारे कारागीर, आरेखक, कारकून, शिक्षक असा एक मोठा वर्ग शहरांतून निर्माण झाला होता. त्याच्या ठिकाणी कुतूहल होते, थोडाफार फावला वेळ होता. नक्षीच्या लेथला लागणारा पैसा मात्र नव्हता. पर्सिव्हल मार्शल याने जानेवारी १८९८ मध्ये सुरू केलेले 'मॉडेल इंजिनिअर अँड ॲमॅच्युअर इलेक्ट्रिशियन' हे नियतकालिक या वर्गाचे मुखपत्र ठरले, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये अशा कारागिरांची संस्थाही स्थापन झाली. वाफेच्या इंजिनांच्या लहान प्रतिकृती करणे हा या मंडळींचा मुख्य छंद. पण प्रतिकृती करावयाची तर आधी साधने हवीत; आणि साधने विकत घेणे परवडण्यासारखे नसल्यामुळे साधने घडविणे हाच पुष्कळांचा छंद होऊन बसला.

या गरजेला लेथ बनविणाऱ्यांनीही प्रतिसाद दिला. गिल्डफर्डजवळील ड्रमंड बंधूंच्या कारखान्याने विसाव्या शतकाच्या आरंभी लहान लेथयंत्रे बाजारात आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर नॉटिंगहॅमजवळील बीस्टन येथील मायफोर्ड कंपनीचे एमएल ७ हे लेथ या वर्गाचे जणू प्रमाण लेथ बनले. त्याच्या अक्षाची बेडपासूनची उंची साडेतीन इंच आणि दोन केंद्रांमधील अंतर सुमारे २० इंच होते. त्याच्या आडव्या सरकीवर उलट्या 'टी' अक्षराच्या आकाराच्या खाचा ठेवलेल्या होत्या. मोठ्या कारखान्यातील लेथला अशा खाचांची आवश्यकता नसते, कारण तेथे छिद्र मोठे करणे, सपाट पृष्ठ तासणे ही कामे निरनिराळ्या यंत्रांवर होतात. घरात यंत्र एकच. म्हणून ज्या वस्तूवर काम करावयाचे ती या खाचांत बोल्ट अडकवून सरकीवर बांधावयाची आणि फिरते हत्यार अक्षावर बसवावयाचे, अशी ही योजना. घरगुती कार्यशाळेची सगळी रीत या खाचांत सामावलेली आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

(४)

साधने कोणती घडविली जात आणि त्यांत अचूकता कशी येई, हे आता काही उदाहरणांनी पाहणे इष्ट ठरेल.

सर्वांत सोपे व सर्वांत बोलके उदाहरण चकच्या पाठीमागील चकतीचे आहे. ओतीव लोखंडाची चकती घेऊन तिच्या मध्यभागी लेथच्या अक्षाच्या टोकावर बसतील असे आटे पाडावयाचे, ती त्या टोकावर घट्ट बसवावयाची, आणि मगच तिचा दर्शनी पृष्ठभाग व चक बसण्याची खांदी कातावयाची. अक्षाच्या टोकाचे आटे किंचित तिरके असले तरी चिंता नाही. चकती जेथे फिरावयाची तेथेच कातली गेल्यामुळे तो तिरपेपणा तिच्यात उतरूनही निरुपद्रवी होतो. दुसऱ्या लेथवर नेल्यास हीच चकती डगमगत फिरेल. स्वतःच्या लेथवर मात्र ती कारखान्यात केलेल्या चकतीहून अधिक खरी फिरते. जागच्या जागी कातण्याचे हे तत्त्व घरगुती साधननिर्मितीचा कणा होय. दोन केंद्रांमध्ये फिरणाऱ्या दांड्यावर हत्यार बसवून सरकीवर बांधलेल्या वस्तूचे छिद्र मोठे करण्याची रीतही त्यातलीच. या रीतीत छिद्राची गोलाई दांड्याच्या फिरण्यातून येते आणि त्याची दिशा सरकीच्या चालीशी समांतर राहते. त्यासाठी दांड्याचा आकार अचूक असण्याचीही आवश्यकता नसते.

हत्यारांच्या बाबतीत अर्धगोल छिद्रकाचे उदाहरण घेता येईल. कर्बयुक्त पोलादाची गोल सळई घेऊन टोकाजवळ तिचा जवळजवळ अर्धा भाग कानशीने काढून टाकावयाचा, सळई लालबुंद तापवून पाण्यात बुडवावयाची, आणि नंतर पिवळसर रंग दिसेतो पुन्हा हलकेच तापवून तिचा ठिसूळपणा कमी करावयाचा, एवढीच याची कृती. उरलेला अर्धा गोल भाग छिद्राच्या भिंतीला टेकून हत्याराला वाट दाखवितो. त्यामुळे हे हत्यार साध्या पिळाच्या ड्रिलपेक्षा सरळ जाते. येथे अचूकता सळईच्या गोलाईतून येते, आणि ती गोलाई बाजारातून आलेली असते ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिचा विचार पुढे करावयाचा आहे.

लहान लेथची नेहमीची व्यथा म्हणजे दांडा कापून वेगळा करताना अरुंद हत्यार धातूत रुतणे. यावर हत्यार उलटे करून सरकीच्या मागील बाजूस स्वतंत्र ठोकळ्यात बसविण्याचा उपाय रूढ झाला. अशा स्थितीत दाब वाढला तर हत्यार धातूत रुतण्याऐवजी त्यापासून दूर झुकते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हा मागील ठोकळा घरीच घडविण्यासाठी जॉर्ज थॉमस याने काढलेले आराखडे विशेष प्रसिद्ध आहेत. त्याच्या आधी एडगर वेस्टबरी याने, तसेच 'डुप्लेक्स' या जोडनावाने लिहिणाऱ्या इअन ब्रॅडली व डॉ. नॉर्मन हॅलोज यांनी, अशा साधनांची परंपरा त्याच नियतकालिकातून घडविली होती. या लेखकांचे वैशिष्ट्य असे की, ते केवळ वस्तूची मापे देऊन थांबत नसत. कोणता पृष्ठभाग आधी कातावा व कोणता नंतर, याचा क्रम ते सांगत. घरगुती कामात अचूकता बहुतांशी या क्रमातच असते.

परंतु सर्वांत महत्त्वाचे उदाहरण वर्तुळ-विभाजनाचे आहे. आटे पाडण्यासाठी लेथसोबत बदलती दंतचक्रे मिळत. हौशी कारागिरांनी त्यांतच विभाजनाचे साधन पाहिले. अक्षावर ६० दात्यांचे चक्र बसवून त्याच्या दात्यांमध्ये खिटी अडकविली की वर्तुळाचे ६० किंवा ६० ला भाग जाणाऱ्या कोणत्याही संख्येइतके समान भाग पाडता येतात. ज्या संख्येचे चक्र संचात नाही, तेथे दोन चक्रांच्या गुणोत्तराचा आश्रय घेता येतो. उदाहरणार्थ, एमएल ७ च्या लीड स्क्रूला इंचाला ८ आटे होते. त्याच्या टोकावर हातचाक बसवून प्रत्येक रेघेला एक हजारांश इंच दाखवावयाचा असेल तर चाकावर १२५ रेघा हव्यात. तेवढ्या दात्यांचे चक्र लहान लेथच्या संचात नसते. अक्षावर ७५ दात्यांचे चक्र बसवून त्यात ३० दात्यांचे चक्र गुंतविले, आणि या दुसऱ्याच्या दांड्यावर ५० दात्यांचे चक्र ठेवून खिटी त्यात अडकविली, तर अक्षाच्या एका फेऱ्यात दुसरा दांडा अडीच फेरे करतो आणि खिटीच्या जागा बरोबर १२५ होतात. दात्यांमधील ढिलाई सदैव एकाच बाजूस ताणून धरावी लागते, एवढे पथ्य पाळले की काम साधते.

याच्याही पुढची पायरी म्हणजे ६० दात्यांचे वर्मचक्र व त्याला फिरविणारा वर्म असलेले विभाजन-उपकरण. वर्मच्या दांड्यावरील भोकांच्या चकतीत एखादे भोक थोडेसे चुकले असेल तर वस्तूवर त्या चुकीचा केवळ साठावा भाग उतरतो. म्हणून आधी दंतचक्राच्या साहाय्याने ओबडधोबड चकती करावयाची, ती या उपकरणावर चढवून दुसरी चकती पाडावयाची, आणि पहिली टाकून द्यावयाची. दुसरीत पहिलीच्या भोकांचे दोष जवळजवळ नाहीसे झालेले असतात. उरतात ते वर्मचक्राचे स्वतःचे दोष. येथे अपत्य जनकाहून सरस निपजते, आणि त्याचे कारण गूढ नसून गणिती आहे. रॅम्सडेनच्या विभाजनयंत्राशी या छोट्या उपकरणाचे नाते स्पष्ट आहे.

(५)

आता या निर्मितीच्या मर्यादेकडे वळले पाहिजे. वर वर्णिलेल्या हातचाकाचेच उदाहरण पुन्हा घ्यावे. त्यावरील १२५ रेघा कारागिराने स्वतः, स्वतःच्या लेथवर, समान अंतरावर आखल्या. त्यांच्या समानतेसाठी तो कोणाचाही ऋणी नाही. परंतु प्रत्येक रेघ एक हजारांश इंच दाखविते, हे विधान खरे ठरते ते लीड स्क्रूच्या आट्यांमुळे. आणि तो लीड स्क्रू कारखान्यातून आलेला असतो. त्याच्या आट्यांमधील अंतर चुकीचे असेल तर रेघा कितीही समान आखल्या तरी त्यांना दुरुस्ती नाही. नवा लीड स्क्रू त्याच लेथवर पाडला तर जुन्याचा दोष त्यात जसाच्या तसा उतरेल. हा दोष शोधावयाचा असेल तर बाहेरचे माप घरात आणावेच लागेल.

येथेच अचूकतेचे दोन प्रकार वेगळे होतात. सपाटपणा तीन पाट्यांच्या तुलनेतून निघतो. गोलाई व एकाक्षता फिरण्यातून व जागच्या जागी कातण्यातून निघते. वर्तुळाचे समान भाग वर्तुळाच्याच पूर्णत्वातून निघतात. या तिन्ही गुणांची कसोटी त्या त्या आकृतीतच असते. लांबीचे तसे नाही. दिलेल्या लांबीचे समान भाग घरी पाडता येतील, परंतु इंच म्हणजे किती, हे कोणत्याही आकृतीतून निघत नाही. ते समाजाने ठरविलेले असते. १९५९ मध्ये इंग्रजीभाषी राष्ट्रांनी यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर असे परस्परसंमतीने ठरविले, आणि तेव्हापासून इंच २५.४ मिलिमीटरचा झाला. कारागिरीच्या कोणत्याही पराकाष्ठेने हा आकडा घरात शोधून काढता आला नसता.

आट्यांच्या बाबतीतही हेच दिसते. व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांच्या एकसारख्या पद्धतीचा प्रस्ताव मांडला आणि त्यात आट्याच्या बाजूंमधील कोन ५५ अंशांचा निश्चित केला. तत्पूर्वी प्रत्येक कार्यशाळेचे आटे निराळे असत आणि एका ठिकाणचा नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टवर बसेलच अशी शाश्वती नसे. त्या काळातील कार्यशाळा एका अर्थी पूर्ण स्वावलंबी होती, कारण तिचे आटे तिचेच होते. परंतु त्याच कारणाने ती एकाकीही होती. एमएल ७ च्या अक्षाच्या टोकावर सव्वाएक इंचाहून अष्टमांश कमी, म्हणजे १ १/८ इंच, व्यासाचे व इंचाला १२ आट्यांचे मळसूत्र होते, आणि आत मोर्स पद्धतीच्या दुसऱ्या क्रमांकाचे निमुळते छिद्र होते. घरी केलेली चकती अगर ड्रिलचा चक या लेथवर बसतो तो या संकेतांचे पालन केल्यामुळे. पन्नास मैलांवरच्या अनोळखी वाचकाला नियतकालिकातील आराखड्याबरहुकूम साधन घडविता येई, तेही या संकेतांच्याच आधाराने.

सामग्रीच्या बाबतीत हौशी कारागिराचे परावलंबन आणखी स्पष्ट आहे. रॉबर्ट मुशेट याने १८६८ मध्ये आपोआप कठीण होणारे पोलाद आणले, आणि टेलर व व्हाइट यांच्या प्रयोगांतून सिद्ध झालेले शीघ्रगती पोलाद १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात जगापुढे आले. साध्या कर्बयुक्त पोलादाचे हत्यार सुमारे २५० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की त्याचे पाणी उतरू लागते. शीघ्रगती पोलाद ६०० अंशांच्या आसपासही धार टिकविते. असे पोलाद घरात तयार होणे शक्य नव्हते. घरगुती कारागीर त्याचे लहान तुकडे विकत घेई आणि ते धरणारे ठोकळे व दांडे स्वतः करी. ओतीव भागांचेही असेच झाले. लफबरो विद्यापीठातील प्राध्यापक डेनिस चॅडॉक याने रचलेले व आपल्या गावावरून 'क्वॉर्न' असे नाव दिलेले हत्यारांना धार लावण्याचे यंत्र १९७० च्या दशकात 'मॉडेल इंजिनिअर'मधून प्रसिद्ध झाले. पुष्कळांनी ते घरगुती लेथवर बांधले. परंतु त्याचे ओतीव भाग बहुधा विक्रेत्यांकडून आणून. अर्धगोल छिद्रकाच्या सळईची गोलाईही याच सदरात मोडते.

म्हणून या घरगुती परंपरेला औद्योगिक व्यवस्थेतून निवृत्त झालेल्या माणसाचा स्वायत्त उद्योग मानणे चुकीचे ठरेल. पोलाद, ओतीव भाग, मापे, संकेत आणि छापील आराखडे या पाच गोष्टी तिला सतत बाहेरून मिळत राहिल्या. तथापि याच कारणास्तव तिला केवळ करमणूक म्हणून दूर सारणेही तितकेच चुकीचे होईल. बाहेरून आलेल्या सामग्रीत जी अचूकता नव्हती ती या माणसांनी खरोखरच निर्माण केली, आणि कशी निर्माण केली हे लिहून ठेवले.

(६)

घरगुती निर्मितीची सीमा किती मागे रेटता येते, याची कसोटी पाहणारा प्रयत्न अमेरिकेत झाला. मिसूरी राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील डेव्हिड गिंजरी याने १९८० पासून एक पुस्तकमाला प्रसिद्ध केली. तिच्या पहिल्या भागात कोळशाची लहान भट्टी करून भंगारातील ॲल्युमिनियम वितळविण्याची रीत आहे, आणि दुसऱ्या भागात त्याच धातूच्या ओतीव भागांपासून लेथ बांधण्याची. पुढील भागांत त्या लेथच्या साहाय्याने शेपर, मिलिंग यंत्र, विभाजन-उपकरण इत्यादी यंत्रे घडविली आहेत. लेथयंत्र अजून पुरे झालेले नसतानाच त्याचे काही भाग त्याच्याच बेडवर पुरे करावयाचे, ही त्यातील पद्धत वर सांगितलेल्या जागच्या जागी कातण्याच्या तत्त्वाचीच परिणती होय. इंग्लंडमधील हौशी कारागिराने ओतीव भाग बाहेरून आणले. गिंजरीने तेही घरात घेतले. तरीदेखील बेडवरील सरळ पट्ट्या गिरणीतून लाटून आलेल्या पोलादाच्या आहेत आणि भाग जोडणारे बोल्ट बाजारातले आहेत. प्रत्येक बोल्टच्या आट्यात व्हिटवर्थच्या काळापासून चालत आलेला कोणता ना कोणता संकेत घरात येतोच.

पुढे २००५ मध्ये इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर याने स्वतःचे भाग स्वतः छापू शकणाऱ्या त्रिमितीय छपाई यंत्राची 'रेपरॅप' ही योजना आरंभिली. त्या योजनेत, यंत्राला स्वतः करता न येणाऱ्या मोटारी, सळया, इलेक्ट्रॉनिक भाग इत्यादी वस्तूंना 'व्हिटॅमिन' असे मार्मिक नाव देण्यात आले. शरीर पुष्कळ काही स्वतः घडविते, परंतु थोडीशी आवश्यक द्रव्ये त्याला बाहेरून घ्यावी लागतात, हा त्या नावातील अभिप्राय. यंत्र बदलले, धातूच्या जागी प्लास्टिक आले, तरी सीमारेषा बव्हंशी तेथेच राहिली.

दरम्यान मूळ घरगुती परंपरेची आर्थिक भूमी खचत गेली. पूर्व आशियातून स्वस्त लेथयंत्रे व तयार साधने येऊ लागल्यानंतर, काही रात्री खर्चून घडवावयाचा मागील ठोकळा थोडक्या पैशांत विकत मिळू लागला. बीस्टन येथील मायफोर्डचा कारखाना २०११ मध्ये बंद पडला. परवडत नाही म्हणून घडविणे, हे कारण आता पुष्कळांच्या बाबतीत उरलेले नाही. ज्याला अजूनही साधन घडवावेसे वाटते, तो मुख्यतः ज्ञानासाठी घडवितो. या ज्ञानाचे स्वरूप नेमके काय, याकडे तंत्रविद्येच्या इतिहासकारांनी अधिक लक्ष दिले पाहिजे. तयार चकती विकत घेणाऱ्याला ती खरी फिरते की नाही एवढे कळते. ती जागच्या जागी कातणाऱ्याला ती का खरी फिरते, आणि दुसऱ्या लेथवर का फिरणार नाही, हेही कळते.

आरंभी उद्धृत केलेल्या विधानाची आता योग्य मांडणी करता येते. लेथ स्वतःची प्रतिकृती करू शकत नाही. परंतु लेथ, खरवडणीचे हत्यार आणि दोष शोधण्याची पद्धत जाणणारा माणूस, हे तिन्ही मिळून स्वतःहून सरस असे साधन निर्माण करू शकतात. त्यांच्या सामर्थ्याची सीमा कौशल्याच्या उणिवेने आखलेली नाही. ज्या गुणाची कसोटी आकृतीतच आहे, तेथवर एकट्या माणसाची सत्ता चालते. जेथे कसोटी इतरांशी केलेल्या संकेतात आहे, तेथे इंचाच्या पट्टीपासून बोल्टच्या आट्यापर्यंत त्याला समाजाचा हात धरावा लागतो. घरगुती कार्यशाळेच्या इतिहासाने स्वावलंबनाच्या कल्पनेला दिलेली ही मर्यादा होय, आणि ती नेमकी कोठे येते हे दाखवून देणे हे त्या इतिहासाचे महत्त्व होय.